माशाच्या पिल्लाचा तोल आणि त्याचा मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे मुख्यतः झेब्राफिश या लहान माशाच्या ३ ते १० दिवसांच्या पिल्लांबद्दल आहेत. दिवस मोजायचे ते अंडे फलित झाल्यापासून, अंड्यातून बाहेर पडल्यापासून नव्हे. या वयात पिल्लू जेमतेम ४ मिलिमीटर लांब असते, त्याच्या अंगातून आरपार दिसते आणि मेंदूत साधारण एक लाख चेतापेशी असतात. आरपार दिसण्यामुळेच तोलाच्या अभ्यासाला हे पिल्लू इतके सोयीचे ठरले आहे.

पाणी माशाला उचलून धरतेच, मग तोल सांभाळायची गरज काय?

पाणी वजन उचलते, पण पिल्लाला सरळ धरून ठेवत नाही. पिल्लाचे डोके जड आणि शेपूट हलके. वाताशयातली (अंगातल्या हवेच्या पिशवीतली) हवा वर ओढते ती जागा आणि शरीराचे वजन खाली ओढते ती जागा, या दोन्ही एका रेषेत नसतात. म्हणून स्वस्थ राहिलेले पिल्लू हळूहळू नाक खाली करत जाते. गुंगीचे औषध दिलेले पिल्लू बघा. थोड्याच वेळात ते कुशीवर पडते किंवा पोट वर करते. पाठ वर असलेली नेहमीची स्थिती आपोआप टिकणारी नाही. ती दर सेकंदाला नव्याने कमवावी लागते, आणि त्यासाठी ‘खाली’ कुठे आहे हे मेंदूला सतत कळावे लागते.

पिल्लाच्या कानात नेमके काय असते?

५ दिवसांच्या पिल्लाला सूक्ष्मदर्शकाखाली आडवे ठेवले की डोळ्याच्या मागे पारदर्शक पिशवीसारखा कान दिसतो आणि त्यात दोन चकचकीत खडे. हे ओटोलिथ. पुढचा लहान खडा युट्रिकल या कप्प्याचा, मागचा मोठा सॅक्युल या कप्प्याचा. तिसरा, लजीनाचा, दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतो. पहिले दोन्ही खडे कॅल्शियम कार्बोनेटच्या अ‍ॅरागोनाइट या रूपाचे असतात. त्यांची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट असते.

खड्याखाली रोमपेशींचा गालिचा असतो. डोके कलले की जड खडा उताराकडे सरकू पाहतो, रोमपेशींचे केस वाकतात, केसांच्या टोकांना जोडणारे धागे ताणले जातात, आयनमार्ग (विद्युतभारित कणांच्या वाटा) उघडतात आणि पेशीचे विद्युत विभव बदलते. केस एका बाजूला वाकले तर पेशी उत्तेजित होते, उलट बाजूला वाकले तर शांत होते. गालिच्यातल्या वेगवेगळ्या पेशींची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे कोणत्या पेशी जाग्या झाल्या यावरून कलण्याची दिशा कळते. या वयात एका युट्रिकलमध्ये सुमारे नव्वदच रोमपेशी असतात, आणि एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर सगळा कारभार चालतो.

तोलाचे काम जवळजवळ पूर्णपणे युट्रिकलकडे आहे. सॅक्युल मुख्यतः ऐकण्यासाठी. फक्त युट्रिकलचा खडा नसलेली पिल्ले तोल सांभाळू शकत नाहीत आणि सहसा जगत नाहीत. सॅक्युलचा खडा नसलेली मात्र सरळ पोहतात.

अर्धवर्तुळाकार नलिका तिसऱ्या दिवशी दिसतात. मग त्या कामाला का लागत नाहीत?

कानातल्या या नलिका डोक्याचे फिरणे ओळखण्यासाठी असतात, पण या वयात त्या फार बारीक असतात. डोके फिरले की नलिकेतला द्रव जडत्वाने मागे राहतो आणि पडद्याला ढकलतो, ही झाली नलिकेची युक्ती. पण नळी जितकी अरुंद तितका द्रव भिंतींना चिकटून नळीबरोबरच फिरतो आणि पडद्यावर दाबच येत नाही. नळीची त्रिज्या वाढेल तशी संवेदनक्षमता झपाट्याने वाढते. बेडकाच्या टॅडपोलमध्ये हेच बंधन थेट मोजले गेले आहे. आडव्या पातळीत फिरवल्यावर डोळ्यांनी दिलेला प्रतिसाद झेब्राफिशमध्ये ३५व्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: ५ दिवसांच्या पिल्लाची बशी अंधारात टेबलावर सपाट गोल फिरवली आणि डोळे हलले नाहीत, तर पिल्लात दोष नाही, परीक्षा चुकीची आहे. उजेडात तीच बशी फिरवली आणि डोळे हलले, तर ते दृष्टीमुळे. नव्याने काम सुरू करणारे इथे हमखास फसतात.

खड्याला कलणे आणि सरकणे यातला फरक कळतो का?

नाही, आणि कळणे शक्यही नाही. खडा फक्त बल जाणतो. नाक १० अंश वर केले तर खड्यावर बाजूने येणारे बल गुरुत्वाच्या साइन १०, म्हणजे ०.१७ पट. पिल्लाला सपाट ठेवून तेवढ्याच त्वरणाने पुढे ढकलले तरी खडा तितकाच मागे राहतो. मोठ्या प्राण्यांत नलिका मदतीला येतात आणि हा गोंधळ सोडवतात. पिल्लाला तो पर्याय नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांच्या प्रतिसादाला अभ्यासक ‘गुरुत्व-जडत्व’ प्रतिक्षेप (आपोआप घडणारी प्रतिक्रिया) म्हणतात: दोन्ही बलांची बेरीज जी असेल, तिला डोळे उत्तर देतात.

तरी मेंदूकडे एक आधार उरतो, तो वेळेचा. काही चेतापेशी कललेली स्थिती टिकेल तोवर संदेश पाठवत राहतात, काही फक्त बदल होताना जाग्या होतात. सावकाश टिकून राहणारे बल बहुधा कलणे असते आणि झटक्यात येऊन जाणारे बहुधा सरकणे. अंदाजच म्हणायचा, पण तळ्यातल्या आयुष्याला तो बऱ्यापैकी पुरतो.

कानातली खबर मेंदूत कुठे जाते?

रोमपेशींकडून कानाजवळच्या चेतागंडिकेकडे (चेतापेशींच्या गाठीकडे) आणि तिथून पश्चमेंदूत. तिथे मुख्य वाटा तीन.

पहिली टँजेन्शियल केंद्रकाकडे, म्हणजे चेतापेशींच्या एका समूहाकडे, जाते. तिथल्या पेशी मध्यरेषा ओलांडून डोळ्यांच्या स्नायूंच्या केंद्रांपर्यंत पोहोचतात. दुसरी वाट मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या व्हेस्टिब्युलोस्पायनल पेशींची. त्यांचे तंतू त्याच बाजूने खाली येतात आणि अंगाच्या स्नायूंवर असर करतात. तिसरी मॉथनर पेशीकडे. प्रत्येक बाजूला एकच अशी ही महाकाय पेशी झटक्यात पळ काढण्याचा हुकूम देते. कानातून येणाऱ्या काही तंतूंचे तिच्याशी रासायनिक आणि थेट विद्युत असे दोन्ही जोड असतात. पळताना मिलिसेकंदही मोलाचा असतो, म्हणून ही सोय.

एकाच व्हेस्टिब्युलोस्पायनल पेशीवर कानातून अनेक तंतू येतात, पण ते वाटेल तसे नव्हे: बहुतांश एकाच दिशेला प्रतिसाद देणारे तंतू एकत्र येतात. सरकत्या पाटावर पिल्लू ठेवून, त्याच वेळी एकेका पेशीत विद्युदग्र घालून हे मोजले गेले. आकृतीत सोपी वाटणारी ही मोजणी प्रत्यक्षात फार कष्टाची आहे, कारण पेशी आणि विद्युदग्र दोघांनाही एकत्रच हलायचे असते आणि दोघांतले अंतर एका मायक्रॉननेही बदलून चालत नाही.

पिल्लू कलले की डोळे उलटे का फिरतात?

दृश्य स्थिर राहावे म्हणून. माशाचे डोळे दोन बाजूंना असल्यामुळे नाक वर झाले की डोळ्याला आपल्याच अक्षाभोवती गाडीच्या चाकासारखे फिरावे लागते. नाक वर, तर डोळा खाली. नाक खाली, तर डोळा वर. साखळी अवघी तीन पेशींची: चेतागंडिकेतली पेशी, टँजेन्शियल पेशी आणि डोळ्याच्या स्नायूची प्रेरक पेशी. नाक वर झाल्याची खबर देणाऱ्या टँजेन्शियल पेशी सुपीरियर ऑब्लिक आणि इन्फीरियर रेक्टस या डोळा खाली फिरवणाऱ्या स्नायूंना चालवतात. नाक खाली झाल्याची खबर देणाऱ्या पेशी सुपीरियर रेक्टस आणि इन्फीरियर ऑब्लिकला.

लेझरने नेमक्या याच पेशी जाळल्या की हा प्रतिक्षेप कोलमडतो, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. पुढे आणखी एक गंमत समोर आली: या पेशी दोन्ही दिशांना समसमान वाटलेल्या नाहीत, डोळे खाली फिरवणाऱ्या पेशींचे पारडे जड आहे. शिवाय लवकर जन्मलेल्या पेशी नाक वर होण्याला प्रतिसाद देतात, उशिरा जन्मलेल्या नाक खाली होण्याला. म्हणजे पेशी कधी जन्मली यावरून तिचे पुढचे काम बरेचसे ओळखता येते.

पोहताना पिल्लू तोल कसे सांभाळते?

या वयाचे पिल्लू सलग पोहत नाही. ते झटके देते: सेकंदाच्या एका छोट्या भागाचा शेपटीचा झटका, मग विसावा, पुन्हा झटका. विसाव्यात नाक खाली जाऊ लागते. झटका दिला की अंग पुन्हा सरळ होते.

यातली खरी गोम अशी की झटका कधी द्यायचा हेसुद्धा तोलावरून ठरते. अंग फार कलले, किंवा वेगाने कलायला लागले, की पुढचा झटका लवकर येतो. म्हणजे पोहणे आणि तोल सांभाळणे ही पिल्लासाठी दोन वेगळी कामे नाहीत. पोहणे हीच तोल सुधारण्याची क्रिया आहे. ‘झटक्यांची संख्या वाढली, म्हणजे पिल्लू चपळ झाले’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी ते घसरत तर नव्हते ना, हे पाहावे.

वर चढायचे असेल तेव्हा दोन उपाय एकत्र येतात: अंग वर वळवणे आणि छातीचे पर हलवून उचल मिळवणे. लहान पिल्ले बहुतेक काम अंग वळवून करतात. मोठी होत जाताना पर आणि अंग यांचा मेळ जमतो आणि पिल्लू अंग फारसे न कलवता वर जाते. युट्रिकलचा खडा नसलेल्या पिल्लांत हा मेळ जमत नाही, आणि अनुमस्तिष्कातल्या (हालचालींचा मेळ घालणाऱ्या मेंदूच्या भागातल्या) पर्किंजे या चेतापेशी निकामी केल्या तरी तो बिघडतो.

आणि कुशीवर कलले तर?

इथे दोन पातळ्यांवर काम चालते. मोठे कलणे सावरायला मज्जारज्जूतली रचना उपयोगी पडते. अंगाच्या प्रत्येक बाजूच्या वरच्या आणि खालच्या स्नायूंसाठी वेगळी चेतामंडले आहेत. सरळ पोहताना ती सारख्याच जोराने चालतात. सावरताना एकाचा जोर वाढवून अंगाला पीळ दिला जातो.

बारीक कलण्यासाठी मात्र पोहावेही लागत नाही. पिल्लू वाताशयाच्या आसपास अंग किंचित वाकवते. तेवढ्याने वर ओढणारी हवा आणि खाली ओढणारे वजन एका उभ्या रेषेतून बाजूला होतात, त्यातून फिरवणारे बल निर्माण होते आणि अंग हळूच सरळ होते. यासाठी संदेश टँजेन्शियल केंद्रकातून मध्यमेंदूतल्या एका केंद्रकाकडे, तिथून मज्जारज्जूत आणि शेवटी वाताशयाजवळच्या खास स्नायूंकडे जातो. नुसत्या डोळ्यांना हे वाकणे दिसत नाही. वरून लावलेला कॅमेरा आणि पाण्यात स्थिर तरंगणारे पिल्लू, दोन्ही लागतात.

वाताशय फुगला नाही तर तोलाचा दोष समजायचा का?

घाई करू नका. ४ ते ५ दिवसांच्या सुमारास पिल्लू पृष्ठभागावर येऊन हवा गिळते आणि वाताशय फुगवते. पाण्यावर तेलकट साय किंवा उरलेल्या खाद्याचा पापुद्रा असेल, बशी काठोकाठ भरून झाकण पाण्याला टेकले असेल, तर निरोगी पिल्लालाही हवा मिळत नाही. असे पिल्लू तळाशी पडते आणि पोहताना नाक वर करून धडपडते. ते हुबेहूब तोल गेल्यासारखे दिसते.

दुसरीकडे, खरा कानाचा दोष असलेली बरीच पिल्लेही पृष्ठभाग गाठू न शकल्याने वाताशय फुगवू शकत नाहीत. म्हणून नुसते पोहणे बघून निर्णय देऊ नये. पिल्लाला अ‍ॅगरोज या पारदर्शक जेलमध्ये बसवून अंधारात डोळ्यांचा प्रतिसाद तपासावा. तिथे वाताशयाचा संबंध येत नाही. डोळे नीट फिरले, तर कान आणि टँजेन्शियल केंद्रक ठीक आहेत, दोष हवेचा.

डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीचे काय?

तिची वेगळी वाट आहे. आजूबाजूचे पट्टे सरकले की डोळे त्यांच्या मागे जातात आणि झटक्यात परत येतात. हे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसते. ५व्या दिवसाच्या सुमारास पिल्लू खालून सरकणाऱ्या पट्ट्यांच्या दिशेने पोहूही लागते: प्रवाह आपल्याला वाहून नेतो आहे असे वाटून ते जागा धरून ठेवू पाहते. दोन्हींसाठी डोळ्यांच्या पडद्यावरची खबर आधी मेंदूतल्या प्रीटेक्टम या भागाकडे जाते. तिथे दोन्ही डोळ्यांची खबर एकत्र येते आणि वळतो आहोत की पुढे सरकतो आहोत याची निवड होते. दोन्ही डोळ्यांसमोरचे दृश्य नाकाकडून शेपटीकडे जात असेल तर आपण पुढे चाललो आहोत. एकासमोर पुढे आणि दुसऱ्यासमोर मागे जात असेल तर आपण वळतो आहोत.

प्रवाहाने मागे लोटले गेलेले पिल्लू काही सेकंदांनंतरही तेवढेच अंतर पुढे कापून मूळ जागी येते, असेही आढळले आहे. पश्चमेंदूतली काही चेतामंडले आपण किती सरकलो याची बेरीज करून ठेवतात.

उजेड वरून येतो हीसुद्धा ‘वर’ ओळखण्याची एक खूण. बाजूने प्रखर उजेड टाकला तर मासे पाठ उजेडाकडे झुकवतात. म्हणून तोलाची चाचणी करताना दिवा बाजूला ठेवला तर तो निकालात लुडबुड करतो.

अंगावरच्या पार्श्वरेखेची त्यात काय भूमिका?

पार्श्वरेखा म्हणजे अंगावर ओळीने असलेले रोमपेशींचे पुंजके. ती पाण्याची अंगालगतची हालचाल जाणते, गुरुत्व नव्हे. पण अंधारात प्रवाहाला तोंड देऊन उभे राहणे तिच्यामुळे जमते. काठाजवळ पाणी संथ आणि मध्ये वेगवान असते. अंगाच्या दोन बाजूंवरच्या या फरकावरून पिल्लू कुठे वळायचे ते ठरवते.

पिल्लू स्वतः पोहते तेव्हाही अंगालगतचे पाणी हलते. ती खबर शिरकाव करू नये म्हणून पश्चमेंदूतल्या काही पेशी पोहण्याच्या क्षणीच पार्श्वरेखेच्या रोमपेशींना अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने दाबून टाकतात.

तोलाच्या प्रयोगातून पार्श्वरेखा वजा करायची असेल तर पिल्लू २०० मायक्रोमोलर निओमायसिनमध्ये (रोमपेशी मारणाऱ्या प्रतिजैविकात) ३० ते ६० मिनिटे ठेवून तीनदा स्वच्छ द्रावणात धुतात. कानातल्या रोमपेशी पाण्याशी थेट संपर्कात नसल्याने वाचतात. पार्श्वरेखेच्या रोमपेशी मेल्या की नाही हे रंगद्रव्याने खात्री करून घ्यावे, आणि काम त्याच दिवशी संपवावे: दोन-तीन दिवसांत त्या पुन्हा उगवतात.

या सगळ्यासाठी पिल्लाला अनुभवाची, सरावाची गरज असते का?

मूळ जोडणीसाठी फारशी नाही. युट्रिकलचा खडा उशिरा, दुसऱ्या आठवड्यात, बनणारा एक उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) प्रकार आहे. तोवर त्या पिल्लांनी गुरुत्वाची नीट खबर अनुभवलेली नसते. तरी खडा आला की तोल कामाला लागतो. डोळ्यांच्या प्रतिक्षेपाबद्दलही हेच: प्रेरक पेशी नसतानाही टँजेन्शियल पेशींची दिशानिवड जवळपास ठरल्याप्रमाणे घडते. मात्र पर आणि अंग यांचा मेळ, झटक्यांची वेळ साधणे, यांत वयाबरोबर सुधारणा होतेच.

डोळ्यांचा प्रतिसाद मोजायचा तर नेमके काय करावे?

पिल्ले २८.५ अंश सेल्सिअसला, १४ तास उजेड आणि १० तास अंधार अशा वेळापत्रकात, १० सेंटिमीटरच्या बशीत पन्नासपेक्षा जास्त न ठेवता वाढवा. द्रावण ई३ चालेल: सोडियम क्लोराइड ५, पोटॅशियम क्लोराइड ०.१७, कॅल्शियम क्लोराइड ०.३३ आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.३३ मिलिमोलर.

रंगद्रव्य थांबवणारे पीटीयू या कामासाठी टाळलेलेच बरे. ते डोळ्याचाही रंग घालवते, मग प्रतिमेत डोळ्याची कड धूसर येते आणि कोन मोजणारी प्रणाली भरकटते. त्यापेक्षा ‘नेकर’ प्रकारची पिल्ले घ्या: त्वचेवर काळे ठिपके नाहीत, डोळे मात्र काळेभोर.

कमी तापमानाला वितळणारे अ‍ॅगरोज २ टक्के करून ३७ ते ४० अंशांवर पातळ ठेवा. पिल्लू शक्य तितक्या कमी पाण्यासकट थेंबात सोडा. जास्त पाणी गेले तर जेल पातळ होते आणि पिल्लू त्यात सैल राहते. गोठण्यापूर्वी बोथट सुईने पाठ वर करा आणि वरून पाहून दोन्ही डोळे सममित दिसतात याची खात्री करा. हा क्षण चुकवू नका: पिल्लू १० अंश कुशीवर बसले, तर मोजणी सुरू होण्याआधीच खड्यावर ०.१७ जी (गुरुत्वाच्या ०.१७ पट) इतके बल कायमचे बसलेले असते आणि डाव्या-उजव्या डोळ्यांचे आकडे जुळत नाहीत. दहा मिनिटे घट्ट होऊ द्या, वरून ई३ घाला, मग बारीक पात्याने डोळ्यांभोवतीचे जेल काढा. पाते आतून बाहेर चालवा, डोळ्याकडे नाही.

प्रकाश अवरक्त, ८५० ते ९४० नॅनोमीटर. तो पिल्लाला दिसत नाही. कॅमेरा बाजूने, आणि पिल्लासकट त्याच फिरत्या फलकावर, म्हणजे प्रतिमेत अंग स्थिर राहते आणि फक्त डोळा फिरताना दिसतो. कॅमेऱ्याची तार सैल बांधा. ताणलेली तार दर फेऱ्याला फलकाला हिसका देते, आणि तो हिसका आलेखात अगदी खऱ्या प्रतिसादासारखा दिसतो.

सुरुवातीला अधिक-उणे १५ अंश आणि ०.५ हर्ट्झ ठीक. यात कमाल कोनीय वेग सेकंदाला सुमारे ४७ अंश होतो. फिरण्याच्या अक्षापासून पिल्लू २ सेंटिमीटर दूर असले तरी त्यातून येणारे जादा त्वरण ०.०१ जीपेक्षा कमीच, त्यामुळे दुर्लक्ष करता येते. पण असे लयीत कलवण्याऐवजी एकदम झटक्यात कलवले, तर हेच अंतर डोकेदुखी बनते. तिथे पिल्लू बरोबर अक्षावर हवे. कलवण्याऐवजी सरकवून पाहायचे असेल तर २ हर्ट्झला सुमारे ३ मिलिमीटर मागे-पुढे इतक्यात ०.०५ जी मिळते.

शेवटी गुंगीतल्या पिल्लावर हीच मोजणी करा. डोळ्याचा कोन शून्यच यायला हवा. एक-दोन अंश आले, तर ते जेल लवचीक असल्याचे माप आहे, तेवढे प्रत्येक निकालातून वजा करावे लागेल.

प्रयोगाच्या वेळी गुंगीचे औषध चालू ठेवावे का?

मोजणीवेळी नको. ट्रिकेन हे गुंगीचे औषध चेतापेशींतले सोडियमचे मार्ग बंद करते, म्हणजे जे मोजायचे तेच झोपवते. जेलमध्ये बसवण्यापुरते लिटरला १६० मिलिग्रॅम, सामू ७ ला आणून (नुसते ट्रिकेन पाणी आंबट करते), आणि मग धुऊन किमान अर्धा तास थांबावे. हालचाल पूर्ण थांबवायचीच असेल तर स्नायू आणि चेता यांच्यातला जोड अडवणारे आल्फा-बंगारोटॉक्सिन वापरतात. त्यात डोळेही हलत नाहीत, म्हणून ते फक्त मेंदूची प्रतिमा घेताना.

पिल्लाला कलवायचे आणि त्याच वेळी मेंदूची प्रतिमाही घ्यायची, हे कसे जमते?

हीच या विषयातली मोठी अडचण होती. पिल्लू कलवले की प्रतिमेतला थर निसटतो. त्यावर चार वाटा निघाल्या. पहिली, पातळ प्रकाशपट्टीने प्रतिमा घेणारा सगळा सूक्ष्मदर्शकच लहान करून पिल्लाबरोबर फिरवणे. दुसरी, भिंग आणि पिल्लू एकत्र कलतील अशी मांडणी. तिसरी, पिल्लू गॅल्व्होवर (अतिशय वेगाने फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) बसवून कलवून ठेवणे आणि काही मिलिसेकंदांत सपाट आणून लगेच प्रतिमा घेणे. चौथी मला सगळ्यात देखणी वाटते: पिल्लू जागचे हलवायचेच नाही, लेझरच्या चिमट्याने कानातला खडाच ढकलायचा. पिल्लू स्थिर असूनही मेंदूला वाटते की आपण कललो, आणि डोळे व शेपूट तसे वागतात.

तिसऱ्या पद्धतीत एक खाच आहे. कॅल्शियम दाखवणारे जीकॅम्प सावकाश विझते, म्हणूनच परत आल्यावरही कललेल्या वेळचा प्रतिसाद दिसतो. पण सपाट येतानाचा झटका हीसुद्धा एक हालचालच. त्याला दिलेले उत्तर वेगळे काढण्यासाठी न कलवता नुसता झटका देऊन तुलना करावी.

गोल गोल फिरणारे पिल्लू म्हणजे कानाचा दोष हे पक्के का?

बऱ्याचदा, पण नेहमी नाही. बशीला टिचकी मारल्यावर दचकत नाही, पोहायला लागले की गिरक्या घेते, आणि खडे दोन्ही जागी दिसतात, असे असेल तर रोमपेशींचा संशय घ्यावा. ‘मरिनर’, ‘स्पुटनिक’ आणि ‘ऑर्बिटर’ हे उत्परिवर्ती असेच सापडले. त्यांच्यातली बिघडलेली जनुके (मायोसिन ७ए, कॅडहेरिन २३ आणि प्रोटोकॅडहेरिन १५) माणसात बिघडली तर बहिरेपण आणि हळूहळू दृष्टी जाणे असा अशर सिंड्रोम होतो. टिचकीला दचकते पण सरळ राहत नाही, तर आधी युट्रिकलचा खडा शोधा. एकाच बाजूला वळत राहणारे पिल्लू मात्र साधे वाकड्या कण्याचेही असू शकते. वरून नीट बघितले की ते ओळखू येते.

गुरुत्व नसेल तर पिल्ले काय करतात?

१९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावर नेलेले ममीचॉग मासे सुरुवातीला गोल गिरक्या घेत पोहले आणि नंतर उजेडाकडे पाठ करून स्थिरावले. बरोबर नेलेल्या अंड्यांतून तिथेच बाहेर पडलेली पिल्ले मात्र तशा गिरक्यांत सापडली नाहीत. १९९४ च्या कोलंबिया यानाच्या फेरीसाठी गिरक्या न घेणारे मेडाका मासे मुद्दाम निवडले होते. त्यांनी अवकाशात अंडी घातली आणि पिल्लेही झाली.